डाव्या पानावर, चौथी ओळ

खालाची नजर गेली, हे गल्लीला दोन वर्षं कळलं नाही. त्यात गल्लीचा दोष नव्हता. जिला सगळी किताब तोंडपाठ, तिच्या डोळ्यांकडे कोण बघतो? लोक तिच्या तोंडाकडे बघत होते.

ती कुणाची सख्खी खाला, म्हणजे मावशी, नव्हती. लहान मुलांना घरी कुराण वाचायला शिकवायची, म्हणून मुलांची खाला. मग ती मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची मुलं तिच्याकडे यायला लागली आणि दाढी पिकलेले पुरुषही दारावरून जाताना मान लववून "सलाम, खाला" म्हणायला लागले. पंचेचाळीस वर्षं हे चाललं होतं. घर दोन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्याला लागून. दार उघडलं की दोन पायऱ्या आणि लगेच गल्ली. मागची खोली स्वयंपाकाची. मध्ये दार नव्हतं, पडदा होता. पडदा धुतल्यानं विरलेला, इतका की पलीकडे दिवा लागला तर आत वावरणाऱ्या माणसाची सावली दिसायची.

दुपारी साडेतीनला मुलं यायची. पायऱ्यांजवळच्या नळावर हात-पाय-तोंड धुवायची, डोकी झाकायची आणि चटईवर अर्धगोल करून बसायची. प्रत्येकासमोर रेहाल, म्हणजे किताब ठेवायची घडीची लाकडी चौकट. सगळ्यात लहान असतात त्यांच्यासमोर कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पातळ पुस्तक. त्यांच्यापेक्षा मोठे असतात त्यांच्यासमोर खरी किताब, तीस पाऱ्यांची, म्हणजे तीस भागांची. आणि मग सगळे एकदम मोठ्यानं. आठ मुलं, आठ जागा, आठ सबक, म्हणजे धडे. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता गलका ऐकू यायचा. खालाला आठही आवाज सुटे सुटे ऐकू येत. भिंतीला पाठ टेकून, मिटल्यासारखे डोळे करून बसायची आणि मध्येच म्हणायची, "खिडकीजवळचा, घाई नको. मागे जा. डाव्या पानावर, वरून चौथी ओळ. तिथून परत."

हे तिचं खास होतं. सगळ्या मुलांनी एकाच छापखान्याची किताब आणायची, असा तिचा दंडक. दुसरी आणली तर परत पाठवायची. कारण तिला नुसते शब्द पाठ नव्हते, पानं पाठ होती. कुठला शब्द कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, वरून कितव्या ओळीत, हे तिच्या डोक्यात घडी घालून ठेवलेल्या कपड्यांसारखं रचलेलं होतं. हात घालावा आणि हवं ते काढावं.

एखादं मूल अडखळलं, पुढचा शब्द त्याच्या ओठांवर येईना, की कधी कधी तो पडद्यामागून यायचा. पीठ मळता मळता, कांदा चिरता चिरता, एक बाईचा आवाज तो शब्द अलगद पुढं करायचा. मूल तो पकडून पुढं जायचं. न्यायला आलेल्या आया हसायच्या.

"खाला, तुमची छोटी तर चुलीपुढून शिकवते हो!"

"तिला शिकवावं लागलं नाही," खाला म्हणायची, आणि तिची मान थोडी वर व्हायची. "आपोआप आलं. या भिंतींनासुद्धा येत असेल."

छोटी म्हणजे खालाची मुलगी. वय अडतीस. दोन भावांच्या पाठीवर झाली म्हणून छोटी, ती केस पांढरे व्हायला लागले तरी छोटीच राहिली. लग्न झालं होतं, तीन वर्षांत परत आली. त्याची गोष्ट वेगळी. भाऊ दोघंही शिकले, आठव्या-नवव्या वर्षी किताब पूर्ण करून बसले, आणि पुढं पोटापाण्याला दूर निघून गेले. घरात राहिल्या मायलेकी.

आता जे सांगतो ते गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, खालालाही नव्हतं. छोटीला वाचता येत नव्हतं.

पाचव्या वर्षी तिच्यापुढंही कायदा ठेवला होता. पहिली चार पानं झाली. मग खाला आजारी पडली, तीन महिने अंथरुणावर. बरी झाली तेव्हा मुलीच्या हाताला पोळपाटाची सवय लागलेली होती. बाप पिठाच्या गिरणीत कामाला. साडेचारला घरी यायचा आणि आल्या आल्या त्याला जेवण लागायचं. सबकाची वेळ तीच, स्वयंपाकाची वेळ तीच. "उद्यापासून बस," खाला म्हणायची. उद्या परवावर गेलं, परवा पुढच्या महिन्यावर. मग बाप वारला, पण तोवर मुलगी सतरा वर्षांची झाली होती आणि सहा वर्षांच्या पोरांच्या ओळीत बसायची तिला लाज वाटायला लागली होती. खालाच्या मनातून तर ती गोष्ट केव्हाच पुसली गेली होती. पडद्यामागून बिनचूक शब्द येतात, म्हणजे मुलीला येतं. हिला वाचता येतं का, हे तिनं कधी तपासलं नाही. जिथं सगळी परीक्षा कानानं होते, तिथं डोळ्यांची चूक सापडत नाही.

खालाच्या डोळ्यांचंही तसंच झालं. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग मधलं धुकट झालं. छोटीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. फार उशीर झालाय. गेलेली नजर परत येत नाही. परतीच्या वाटेवर खाला एवढंच म्हणाली, "कुणाला बोलायचं नाही."

"किती दिवस लपेल, अम्मी?"

"मी मरेपर्यंत लपलं म्हणजे झालं."

आणि लपलं की! मुलं पायऱ्या चढताना ती पावलांवरून ओळखायची. नळ कुणी उघडा ठेवला, कुणी पाय न धुता नुसते ओले केले, हे तिला आवाजावरून कळायचं. सबक ऐकायला डोळे लागतच नव्हते. कायदावाल्या चिमुरड्यांचं मात्र अवघड होतं, कारण तिथं अक्षरावर बोट ठेवून दाखवावं लागतं. ते काम तिनं मोठ्या मुलींवर टाकलं. "शिकवल्यानं शिकणं पक्कं होतं," असं सांगितलं. आयांना ते पटलं.

घात केला तो बेकरीवाल्याच्या धाकट्यानं. पोरगा वांड. त्याला शंका आली होती. एके दिवशी त्यानं समोरची किताब उलटी करून ठेवली, खालची बाजू वर, आणि छताकडं बघत आपला सबक म्हणायला लागला. दुसरी मुलं ओढण्यांत तोंडं खुपसून हसायला लागली. खाला म्हणाली, "शाबास. आज चांगलं वाचतोयस."

त्याच वेळी शिंपी आपल्या मुलीला न्यायला दारात आला. गळ्यात माप घ्यायची फीत, कॉलरला टाचणी. त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. किताब उलटी ठेवणं म्हणजे त्याच्या लेखी केवढी मोठी गोष्ट.

"खाला," तो म्हणाला, "याची किताब उलटी आहे."

खोलीतला गलका एकदम बसला. खाला मग म्हणाली, "ठाऊक आहे मला. बघत होते, स्वतःहून कधी सरळ करतो." आणि किताब सरळ करायला तिनं हात पुढं केला. तो हात शेजारच्या मुलीच्या रेहालवर पडला.

शिंपी पुढं आला, किताब उचलली, डोळ्यांना लावली, सरळ करून ठेवली. पोरीचा हात धरला आणि निघाला. पायऱ्यांवर मात्र थांबून म्हणाला, "खाला, सांगायचं होतंत हो आम्हाला." तेवढंच. पण रात्रीची जेवणं उरकायच्या आत ते गल्लीभर झालं.

गल्ली वाईट नव्हती. कुणी टाकून बोललं नाही. उलट फळं आली, डोळ्यांच्या डॉक्टरांचे पत्ते आले. पण आठातली चार मुलं दुसऱ्या दिवसापासून आली नाहीत. रस्त्याच्या टोकाला, वाण्याच्या दुकानावरच्या माडीवर, एका तरुण बाईनं वर्ग सुरू केला होता. तिच्याकडे फळा होता, बाकं होती, प्रमाणपत्र होतं. तिला सगळे 'नवीन बाई' म्हणत. चारांतली तीन मुलं तिकडे गेली. चौथी, शिंप्याची मुलगी, अजून कुठंच गेली नव्हती, कारण ती मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली होती.

चार मुलांचा आवाज त्या खोलीला पुरत नव्हता. खालाला जेवण जाईना. तिला भीती डोळ्यांची नव्हती, पोटाचीही नव्हती. दोघे पोरगे दुरून पैसे पाठवत होते त्यात दोघींचं भागत होतं. पंचेचाळीस वर्षं ज्या घरात सबक चालला, तो आपल्या हयातीत बंद पडणार, हे तिला सहन होत नव्हतं. सबक थांबला की खाला कोण? कोपऱ्यात बसलेली एक आंधळी म्हातारी.

एका सकाळी तिनं पडद्याच्या दिशेनं हाक मारली.

"छोटी, येत्या शुक्रवारी सगळ्यांच्या आयाबापांना बोलावते. माझ्या जागेवर तू बसायचंस."

आत वाजत असलेलं भांडं थांबलं. "मी?"

"मग कोण, शिंपी बसणार?"

"अम्मी, मला नाही जमायचं."

"चुलीपुढून शिकवत आलीस, आता चटईवर बसून शिकव. फरक काय? मी शेजारी असेनच. पानं माझ्या डोक्यात आहेत, डोळे तुझे. दोघींचं मिळून एक माणूस होईल."

"अम्मी, तू ऐक तरी..."

"काही ऐकायचं नाही. लाजत बसायचं वय आहे का आता? या घराची अब्रू आहे ती."

तेव्हाच बोलली असती तर? हा प्रश्न पुढं गल्लीतल्या बायकांनी पुष्कळ चघळला. पण अडतीस वर्षांच्या बाईनं कसं सांगायचं, तेही कुराण शिकवणाऱ्या आईला, की मला अक्षर येत नाही? आणि आणखी एक होतं, ते छोटीनं कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या वागण्यावरून दिसलं. तिला त्या चटईवर बसायचं होतं. एकदा तरी. पडद्याच्या त्या बाजूनं.

चार दिवस हातात होते. आई दुपारी लवंडली की छोटी घरातली मोठी किताब कापडी पिशवीतून काढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. अक्षरं चार दिवसांत येत नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं दुसरा मार्ग काढला. पारा सुरू होतो तिथं पानाच्या डोक्यावर जाड काळी पट्टी असते. तिनं पट्ट्या मोजल्या. प्रत्येक पट्टीशी एक रंगीत दोरा ठेवला. पहिल्याला लाल, दुसऱ्याला पिवळा, पाचाला गाठ, दहाला दोन गाठी. मग आईला सहज विचारावं तसं विचारायची, "अम्मी, अमुक शब्द कुठं येतो गं?" आई खूश होऊन सांगायची, "बाराव्या पाऱ्यात. तिसरं पान, उजवीकडे, खालून दुसरी ओळ." छोटी दोरा धरून तिथं जायची, ओळ मोजायची, बोट ठेवायची आणि पाठ असलेलं म्हणायची. तोंड आणि बोट बरोबर चालले की कुणाला काय कळणार?

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर माणसं जमली. शिंपी आणि त्याची बायको, बेकरीवाला, निवृत्त कंपाउंडर, तीन-चार आया. मुलं चटईवर. खालानं धुवट पांढरी ओढणी घेतली होती. तिच्या नेहमीच्या जागी छोटी, आणि ती स्वतः तिला खेटून. पडदा पहिल्यांदाच बाजूला सारलेला होता आणि आतली ओळीनं लावलेली भांडी सगळ्यांना दिसत होती.

कंपाउंडर म्हणाले, "बरं झालं. घरचं माणूस गादीवर आलं."

"गादी कुठली, चटई आहे फाटकी," खाला म्हणाली, आणि सगळे हसले.

पहिलं मूल कायदावालं. त्यानं आपला धडा सुरात म्हटला. छोटीनं कानानं ऐकला, दोन ठिकाणी थांबवलं, बरोबर करून घेतलं. आया एकमेकींकडे बघून माना डोलावत्या झाल्या. दुसरा बेकरीवाल्याचा धाकटा, आज अगदी गरीब गाय. त्याचंही झालं. छोटीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढायला लागला. तिचा आवाज सुटला. ती म्हणालीसुद्धा, "घाई नको, मागे जा," अगदी आईसारखी, आणि शिंप्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. खाला मान हलवत होती. पंचेचाळीस वर्षांत ती अशी कुणाच्या सबकावर खूश झालेली कुणी पाहिली नव्हती.

मग शिंप्याची मुलगी पुढं सरकली. नऊ वर्षांची, तापानं वाळलेली, डोळे मोठे झालेले.

"छोटीआपा, माझा सबक कुठं होता ते मला आठवत नाही. खुणेचा कागद पडला."

"सतरावा पारा," खाला लगेच म्हणाली. "सहावं पान, डाव्या बाजूला, चौथी ओळ." आणि तिनं ती ओळ म्हणून दाखवली. "छोटी, काढून दे तिला."

छोटीनं घरातली किताब ओढली. सतरावा दोरा, पानं मोजली, ओळ मोजली, बोट ठेवलं. "इथून," ती म्हणाली. मुलीनं वाकून बघितलं. "हो, हेच."

कंपाउंडर म्हणाले, "वाहवा."

"पण आपा, मला माझ्या किताबीत वाचायचंय," मुलगी म्हणाली. "अब्बांनी नवीन आणलीय."

शिंपी पुढं सरसावला. "जुनीची शिवण सुटली होती, खाला. शिवणच सुटली, आणि मी शिंपी! मग म्हटलं, पोरगी तापातून उठलीय, डोळ्यांना ताण नको. मोठ्या अक्षरांची मुद्दाम शोधून आणली. तुमच्या छापाची नाही, तेवढं माफ करा."

मुलीनं पिशवीतून नवी किताब काढली. जाडजूड, हिरवी, सोनेरी कडांची. ती छोटीपुढच्या रेहालवर ठेवली.

तिच्यात दोरे नव्हते.

छोटीनं काळ्या पट्ट्या मोजायला सुरुवात केली. सगळे बघत होते. सतरावी सापडली. सहावं पान. डावीकडे. चौथी ओळ. बोट ठेवलं. "इथून."

मुलगी वाचायला लागली. दोन शब्द वाचले आणि थांबली. "आपा, हे ते नाही."

"मोठ्या छाप्यात पुढं सरकलं असेल," खाला म्हणाली. "एखाद-दुसरं पान पुढं बघ. ओळ तर तुला ठाऊकच आहे." आणि तिनं ती ओळ पुन्हा म्हटली.

छोटीनं पान उलटलं. आणखी एक उलटलं. ओळ तिला ठाऊक होती. झोपेतून उठवून विचारली असती तरी म्हटली असती. पण समोर नुसती काळी नक्षी होती, आणि त्या नक्षीत ती ओळ कुठं दडून बसली होती ते तिला दिसत नव्हतं. ती परत मागं गेली. पुढं आली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. कुणीतरी खोकलं. बेकरीवाल्यानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि लगेच हात खाली घेतला.

"सापडलं?" खालानं विचारलं.

छोटीनं आणखी एक पान उलटलं.

"अगं, वाचत जा ना एकेक ओळ. वाचलंस की येईलच."

मुलगी आपाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं नुसतं विचारलं, "आपा, तुला वाचता येत नाही?"

"गप गं," तिची आई पुटपुटली. पण उशीर झाला होता.

खालाची मान सावकाश वळली, जिकडून लेकीचा श्वास येत होता तिकडे. "छोटी?"

"हो, अम्मी."

"काय हो?"

"नाही येत वाचता."

खालानं हात लांब करून किताब चाचपली, ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि तोंड अगदी पानाला लावलं, नाक टेकेपर्यंत. तशी ती बराच वेळ राहिली. कंपाउंडरांना बघवेना, त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग तिनं डोकं वर केलं आणि ती फुटली. लेकीवर फुटली.

"पंचेचाळीस वर्षं! पंचेचाळीस वर्षं या घरात सबक चाललाय. परक्यांची साडेतीनशे पोरं वाचून गेली इथून. आणि पोटची मुलगी अंगठाछाप? लाज नाही वाटली इतकी वर्षं लपवायला?"

छोटीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी आत होते, अम्मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू साडेतीनशे शिकवलीस तेव्हा मी आत होते. भात बघत होते."

"मग सांगायचं नाही?"

"तू म्हणायचीस ना, उद्यापासून बस. मी वाट बघत होते."

"लोकांसमोर बोलतेस?"

"लोक तूच बोलावलेस."

माणसं एकेक करून उठली. चपला शोधण्यात सगळ्यांनी नको तितका वेळ लावला. शिंपी हिरवी किताब न्यायला वाकला, पण ती म्हातारीच्या मांडीवर होती आणि मागायचं त्याच्या जिवावर आलं. तो तसाच गेला. दुसऱ्या दिवशी छोटीनं ती त्याच्या दुकानात पोचवली.

सबक बंद झाला. त्या शुक्रवारनंतर साडेतीनला पायऱ्यांवर पावलं वाजली नाहीत.

आठवडाभर मायलेकी फक्त कामापुरतं बोलल्या. आठव्या दिवशी खाला चटईवर येऊन बसली, हातात कुठलासा जुना कायदा. "ये," ती म्हणाली. "आजपासून बस. मी शिकवते."

छोटी दाराशी उभी होती. हात पुशीत म्हणाली, "अक्षरावर बोट कोण ठेवणार, अम्मी?"

खालानं हातातला कायदा मिटून ठेवला.

त्यानंतर रोज साडेतीनला छोटी ओढणी घेऊन बाहेर पडायला लागली. कुठं जातेस, असं खालानं दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं. "माडीवर," छोटी म्हणाली. "नवीन बाईंकडे. दुपारी मोठ्या बायकांचा वर्ग असतो." स्वयंपाक ती आता सकाळीच करून ठेवत होती. साडेचारला जेवायला कुणी यायचं नव्हतंच, बाप गेल्यापासून एकवीस वर्षं कुणी आलं नव्हतं. पण ही वेळ आपल्याला मोकळी आहे, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

खाला रोज विचारायची, "आज कुठवर झालं?"

"झालं थोडं."

"कुठलं अक्षर?"

"सगळीच होतात."

चार-पाच महिने असे गेले. मग एक दिवस नवीन बाई स्वतःच भेटायला आली. पोर सव्वीस-सत्तावीसची, अदबशीर. तिनं चप्पल पायरीवर काढली, खालाचा हात धरून डोळ्यांना लावला. छोटी बाजारात गेली होती.

"खाला, तुमच्याकडून दुवा घ्यायला आले," ती म्हणाली. "आणि तुमच्या मुलीचं कौतुक करायला. पहिला पारा वाचून झाला त्यांचा. मी इतक्या बायकांना शिकवलं, पण असा कान कुणाचा नाही पाहिला. एकदा अक्षर दाखवलं की उच्चार आपसूक बरोबर. मी विचारलं त्यांना, लहानपणी घरी कुणी शिकवलं होतं का?"

"काय म्हणाली?" खालानं विचारलं.

"म्हणाल्या, कुणी नाही." बाई हसली. तिला ते छोटीचं साधेपण वाटलं होतं. "चहा नको खाला, निघते, वर्ग आहे."

छोटी आली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. खालानं तिला श्वास घ्यायलाही वेळ दिला नाही.

"तू तिला सांगितलंस, घरी कुणी शिकवलं नाही?"

"हो."

"खोटं बोललीस. तो कान कुणाचा आहे? तुझ्या बापाच्या गिरणीतून आला?"

"तू मुलांना शिकवत होतीस, अम्मी. मी ऐकत होते. ऐकणं माझं होतं."

जिनं हजारो वेळा दुसऱ्यांना मागं जायला लावलं होतं, तिला स्वतःला मागं जायला जागा नव्हती. ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता, मागणाऱ्याचा, "बरं. नसेन शिकवलं. एक पान वाचून दाखव. या घरात किताब वाचलेली ऐकून किती दिवस झाले."

छोटीनं हात-पाय धुतले. डोकं झाकलं. पुढच्या खोलीत येऊन बसली, आईपासून दोन हातांवर. रेहाल उघडला. खाला भिंतीला टेकली, डोळे मिटले, कान लावला. समोरच्या घरात कुणीतरी बादली घासत होतं. एक सायकल गेली. खोलीत काहीच वाजलं नाही.

"वाच ना."

"वाचतेय."

"मोठ्यानं वाच, गं."

"मनात वाचते, अम्मी. चालतं, बाईंनी सांगितलंय." आणि मग, थोडं थांबून, "मोठ्यानं वाचलं की तू मध्ये बोलशील."

खालानं मान थोडी पुढं केली. ओठांचा आवाज तरी येतो का, श्वास कुठं अडतो का, कुठं थांबते, काही तरी. तिला एका गलक्यातून आठ आवाज सुटे करता येत होते. पण समोरची एक बाई गप्प बसली, तर तिचं ती काय करणार?

"कितवी ओळ?" तिनं विचारलं.

छोटीनं उत्तर दिलं नाही. मुलगी वाचते आहे, हे खालाला मानून घ्यावं लागलं.